आधी स्वप्नं आठवू द्या, शरीराबाहेरचं नंतर बघू

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: गेले काही महिने रोज रात्री अकराला तुम्ही उताणे पडता, हेडफोन लावून व्हिडिओतल्या सूचना ऐकता, छाती धडधडायला लागते, कधी अंगभर झिणझिण्या येतात, पण शरीराबाहेर काही पडता येत नाही आणि शेवटी झोप लागते. सकाळी एकही स्वप्न आठवत नाही. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आत्मा गेला आणि परत आलाच नाही तर?" आणि आता एका महागड्या ऑनलाइन कोर्सची जाहिरात सारखी समोर येते आहे, तो करावा का, हा शेवटचा प्रश्न.

मी ही साधना बरीच वर्षं करते आहे आणि नवशिक्यांना शिकवतेही. तुम्हाला सरळच सांगते, अकराची वेळ चुकीची आहे आणि क्रमही उलटा झालाय. ज्याला सकाळी एकही स्वप्न आठवत नाही, त्याने अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनच्या, म्हणजे ठरवून शरीराबाहेर पडण्याच्या, मागे लागूच नये. यात गूढ काही नाही, झोपेचा साधा हिशेब आहे.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी झोपेतली एक अवस्था नोंदवली. तिच्यात मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि त्या वेळी उठवलं तर बहुतेक माणसं स्वप्न सांगतात. तिला आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात. झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं. पहिल्या आवर्तनात ही अवस्था जेमतेम पाच-दहा मिनिटं टिकते, पहाटेच्या आवर्तनात अर्धा तास किंवा त्याहून जास्त. रात्रीचा पहिला भाग गाढ झोपेचा असतो. दिवसभर राबलेलं शरीर अकरा वाजता अंथरुणावर टाकलं की ते त्या गाढ झोपेकडे खेचलं जातं. तुम्हाला हवा असलेला उंबरठा, म्हणजे शरीर निजलेलं आणि मन जागं, हा बहुतेकांना पहाटेच्या त्या लांब टप्प्याच्या कडेलाच सापडतो. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे म्हणतात. खरी होतात की नाही ते सोडा, पण लक्षात राहणारी स्वप्नं पहाटेचीच असतात, एवढं नक्की.

दुसरं कारण स्मरणाचं. तुम्हाला अनुभव येऊनही गेला असेल आणि तुम्ही विसरला असाल, हे अगदी शक्य आहे. शिवाय बाहेर पडण्याची सोपी वाट स्वप्नात जागं होण्यातून जाते, आणि तेही स्मरणावरच उभं आहे. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात १९७५ साली कीथ हर्न या संशोधकाने अ‍ॅलन वर्स्ली यांच्यावर प्रयोग केला. स्वप्नात असताना वर्स्लींनी 'मी स्वप्नात आहे' अशी खूण ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे हलवून दिली. आरईएम झोपेत बाकी अंग लुळं असतं, डोळे मात्र हलवता येतात. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच करून दाखवलं आणि स्वप्नात असताना 'हे स्वप्न आहे' हे कळण्याची ही जाग शिकता येते हेही दाखवलं. त्यांच्या पद्धतीचा सगळा भार स्मरणावर आहे: नुकतं पडलेलं स्वप्न आठवायचं आणि पुढच्या स्वप्नात काय ओळखायचं ते लक्षात ठेवून झोपायचं. म्हणजे पायाच स्मरणाचा. तो नसताना व्हिडिओतली तंत्रं घोकून काय होणार?

आता स्मरण कसं वाढवायचं ते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याच टप्प्यावर बहुतेक जण कंटाळून पुढे पळतात.

जाग आली की हलायचं नाही. ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर, डोळे मिटून पडून राहायचं. 'काय स्वप्न पडलं?' असं स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर हटकून 'काही नाही' येतं. 'आत्ता मनात काय चाललं होतं, कसं वाटत होतं?' असं विचारा. आधी भाव हाताला लागतो. घाई, लाज, कुणाची तरी वाट बघणं. त्या भावामागून एखादं दृश्य येतं, आणि दृश्य आलं की उलटं चालायचं: याच्या आधी कुठे होतो, तिथे कसा पोचलो, बरोबर कोण होतं. काहीच आलं नाही तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळा आणि तिथे पुन्हा मिनिटभर थांबा. कुस बदलल्यावर स्वप्नाचा तुकडा हाती लागणं, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की आता त्यात नवल वाटत नाही.

मग लगेच लिहायचं. कागदाची वही आणि पेन्सिल उशाशी. मोबाइलवर लिहू नका. एक नोटिफिकेशन दिसलं, कुणाचा तरी 'सुप्रभात' दिसला, की स्वप्न गेलंच. आवाजात नोंद करणं सोपं पडतं, पण एका खोलीत चौघं झोपत असतील तर पहाटे पाचला पुटपुटणं घरच्यांना मानवणार नाही. मग अंधारातच चार शब्द खरडायचे, 'जुनं घर, पाणी, मामा, रेल्वे', आणि चहा झाल्यावर विस्ताराने लिहायचं. लिहिताना वर्तमानकाळ वापरा: 'मी जिना चढतोय, दार उघडं आहे.' स्वप्नात कुणी हिंदीत किंवा मालवणीत बोललं असेल तर ते वाक्य तसंच्या तसं ठेवा. अर्थ लावत बसू नका. अर्थ लावायला लागलात की जे तुमच्या अर्थात बसत नाही ते नकळत गळतं. आणि ज्या दिवशी काहीच आठवत नाही त्या दिवशीही तारीख घालून 'आज काही नाही, उठताना जड वाटत होतं' एवढं लिहाच. ही कोरी पानं वहीत असावी लागतात. मनाला कळतं की सकाळी हिशेब मागितला जातो.

रात्री निजण्यापूर्वी आदल्या दिवशीची नोंद वाचा आणि एक छोटा संकल्प करा: 'उठल्यावर मी हलणार नाही, स्वप्न आठवेन.' योगनिद्रा केली असेल तर संकल्पाचं अंग तुम्हाला माहीत आहे, ते इथे तसंच चालतं. तीन-चार वेळा मनापासून म्हणा. माळ जपल्यासारखा शंभर वेळा घोकलात तर तो आवाज तेवढा उरतो.

गजराबद्दल. कर्कश गजर स्वप्नाचा शत्रू. मंद, हळूहळू चढणारा आवाज लावा, किंवा मनगटावर थरथरणारं घड्याळ वापरा. सुट्टीच्या दिवशी गजराविना उठा. बहुतेकांना पहिलं सलग, लांब स्वप्न रविवारीच आठवतं, कारण त्या दिवशी शेवटचं आवर्तन पूर्ण होतं. रात्री एकला झोपून सहाला उठत असाल तर स्वप्नांचा सगळ्यात भरघोस भाग तुम्ही रोज कापून टाकता. मग वही कितीही निष्ठेने लिहा, हाती फार येणार नाही. तुमच्या बाबतीत मला हीच शंका आहे. पत्रात झोपेच्या वेळा दिलेल्या नाहीत, पण 'शिफ्ट' हा शब्द दोनदा आलाय. शिफ्ट बदलती असेल तर घड्याळ सोडा, झोप लागल्यापासूनचे तास मोजा.

दारूने आरईएम झोप दबते, गांजानेही. दोन्ही सोडल्यावर काही दिवस स्वप्नांचा पूर येतो, तो नैसर्गिक आहे, घाबरू नये. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनीही ही झोप कमी होते. पण स्वप्नांसाठी कुणी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायच्या नाहीत, यावर माझ्याकडे चर्चा नाही. बी-६ जीवनसत्त्वाबद्दल तुम्ही विचारलंय. ऑस्ट्रेलियात २०१८ साली एका अभ्यासात झोपण्यापूर्वी २४० मिलिग्रॅम बी-६ घेणाऱ्यांचं स्वप्नस्मरण वाढलेलं आढळलं, हे खरं आहे. पण रोजच्या गरजेपेक्षा हा डोस कितीतरी पटींनी जास्त आहे आणि बी-६ मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेतलं तर नसांना इजा होते, हातापायांना बधिरता येते. वहीने जे काम फुकट होतं त्यासाठी गोळीचा खटाटोप मला पटत नाही.

काही आठवड्यांनी वही मागून चाळा. तीच तीच ठिकाणं आणि अडचणी पुन्हा दिसतील. चुकलेली लोकल, दहावीचा गणिताचा पेपर, बाहेर आल्यावर चप्पल नाही, आजोळचं घर पण खोल्या भलत्याच. या तुमच्या स्वप्नखुणा. जागेपणी यातलं काही खरोखर समोर आलं, म्हणजे चप्पल सापडत नसेल किंवा गाडी चुकली, की थबकून विचारायचं: हे स्वप्न तर नाही? मग नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. स्वप्नात नाक बंद असूनही श्वास जातो. किंवा एखादी पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुधा बदललेली असतात. सवय मुरली की हाच प्रश्न स्वप्नातही पडतो, आणि स्वप्नातली ती जाग शरीराबाहेरच्या अनुभवाकडे जाण्याची माझ्या मते सगळ्यात सोपी वाट आहे. पुष्कळ जणांचं पहिलं 'बाहेर पडणं' जागं झालेल्या स्वप्नातूनच होतं. स्वप्नातली जाग आणि शरीराबाहेरचा अनुभव वेगळे की एकच, यावर साधकांत वाद आहेत. नवशिक्याने त्यात वेळ घालवू नये.

आठवड्यातल्या निम्म्याहून जास्त सकाळी एखादं तरी स्वप्न सांगता येऊ लागलं, की पुढचा टप्पा. झोप लागल्यापासून साधारण पाच तासांनी उठा. लघवीला जाऊन या, घोटभर पाणी प्या, मंद उजेडात वीस-पंचवीस मिनिटं बसा, वही वाचा. मोबाइल नाही. मग पुन्हा आडवे व्हा, जमलं तर नेहमीचं अंथरूण सोडून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या आधी सुमारे दीड तास सुरू होतो. ज्यांना तेव्हा उठायची सवय आहे त्यांची जाग आयतीच जुळते. त्यांनी फक्त सुट्टीच्या दिवशी जप आटोपून पुन्हा आडवं व्हायचं आहे, आणि नेमकं तेच त्यांना पाप वाटतं! हा उद्योग रोज करू नका, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. दुपारची वामकुक्षी हाही उत्तम काळ, विशेषतः रात्री झोप अपुरी झाली असेल तर.

उताणंच पडायला हवं असं नाही. घोरत असाल तर उताणं झोपूच नका. अंग सैल करायला योगनिद्रेतली फिरती जाणीव वापरा: उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक अवयव. मग श्वास उलटे मोजा, सत्तावीसपासून एकपर्यंत. आकडा चुकला तर पुन्हा सत्तावीस. बाळाला थोपटून निजवणारी आई स्वतः जागी राहते, तेवढीच हलकी जाग हवी. जास्त ताणलीत तर शरीर झोपत नाही, सोडलीत तर दोघंही झोपतात.

थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांपुढे रंग, अनोळखी चेहरे, तुटक वाक्यं येतील. कुणी नावाने हाक मारल्यासारखं वाटेल. ओ देऊ नका, बघत राहा. मग काहींना अंगभर थरथर जाणवते, कानात घूं असा आवाज होतो. तुम्ही ज्या झिणझिण्या म्हणता त्या बहुधा याच्या अलीकडच्या. तुम्ही तिथे 'आता होतंय, आता होतंय' म्हणून छाती फुगवता आणि सगळं विरतं. थरथर आली तरी काही करायचं नाही. ती स्थिर होईपर्यंत मोजत राहायचं. मग एकच कृती, स्नायू न हलवता: कुशीवर वळतोय अशी नुसती आतून भावना धरायची आणि अंथरुणाच्या कडेवरून घरंगळायचं. दुसरी पद्धत छतावरून लोंबणाऱ्या दोरीची. दोरी डोळ्यांपुढे आणायची गरज नाही, ती हातांना जाणवली पाहिजे, एकावर एक हात टाकत वर जायचं. यातली एकच निवडा आणि महिनाभर तीच करा. रोज नवं तंत्र करणाऱ्यांना कुठलंच जमत नाही. बाहेर आल्यासारखं वाटलं तर मागे वळून स्वतःचं शरीर बघायचा मोह टाळा, सरळ दाराकडे जा, भिंतीवरून हात फिरवा. दृश्य विरायला लागलं तर तळवे एकमेकांवर घासा. पहिले अनुभव काही सेकंदांचे असतात, त्यावर नाराज होऊ नका.

याच वाटेवर कधीतरी जाग येईल आणि अंग हलणार नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं, खोलीत कुणी असल्यासारखं वाटेल. गावाकडे याला मुंजा किंवा खवीस बसला म्हणतात. हा निद्रापक्षाघात. आरईएम झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय हलू नयेत म्हणून शरीर स्नायूंना कुलूप लावतं. कधी जाग आधी येते आणि कुलूप काही क्षण मागे राहतं, एवढंच. आयुष्यात कधीतरी हा अनुभव शंभरातल्या आठेक जणांना येतो. श्वासपटल त्या वेळीही चालू असतं, त्यामुळे श्वास कोंडल्यासारखा वाटला तरी कोंडत नाही. सोडवून घ्यायचं असेल तर सावकाश श्वास सोडत पायाचा अंगठा किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा. झोपेची थकबाकी, बदलत्या शिफ्टा आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. अनुभवी साधक याच क्षणातून बाहेर सरकतात, पण तुम्ही सध्या फक्त न घाबरता तो जाऊ द्यायला शिका.

आईच्या भीतीला हसू नका, ती भीती फार जुनी आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की झोपेत हा पुरुष खालच्या घरट्याची राखण प्राणावर सोपवून घरट्याबाहेर मनसोक्त हिंडतो. पुढे लगेच लोकमत येतं: झोपलेल्याला एकदम उठवू नये, तो नीट परतला नाही तर उपचार कठीण. आणि तिथेच दुसरं मतही आहे, की जागेपणी जे बघतो तेच हा झोपेत बघतो, वेगळं काही नाही. म्हणजे तुमच्या घरातला वाद तिथे आधीच झालाय. आईला सांगा की राखण करणारा प्राण जागेवरच असतो. श्वास, हृदय सगळं चालू राहतं आणि दारावरची बेलसुद्धा तुम्हाला क्षणात अंथरुणात आणते. नवशिक्याची खरी अडचण परत येण्याची नसतेच, टिकून राहण्याची असते. शरीराला बांधून ठेवणारा चंदेरी दोर, अस्तित्वाच्या सात पातळ्या हे सगळं आपल्या शास्त्रात असंच्या असं लिहिलंय असं मात्र तिला सांगू नका. अ‍ॅस्ट्रल ही परिभाषा आपल्याकडे रुजली ती मुख्यतः थिऑसॉफीवाल्यांमुळे. थिऑसॉफी या गूढवादी पंथाचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ साली मुंबईत उतरले आणि त्यांचं मासिकही त्याच वर्षी तिथूनच निघालं.

आता, खरंच बाहेर जातो का? अनुभव खरा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याचा अर्थ काय, हा वेगळा प्रश्न. २००२ साली जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि सहकारी एका अपस्माराच्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूची तपासणी करत होते. उजव्या बाजूच्या एका विशिष्ट भागाला विजेची सौम्य चेतना दिल्यावर तिला आपण वरून स्वतःला पाहतोय असं जाणवलं. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना १९७० साली सुझन ब्लॅकमोर यांना, ज्या पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्या, शरीराबाहेरचा दीर्घ अनुभव आला आणि त्या छपरांवरून फिरल्या. नंतर पडताळून पाहिलं तर छपरांचे तपशील जुळले नाहीत. हृदय बंद पडून वाचलेले काही जणही वरून स्वतःला पाहिल्याचं सांगतात, म्हणून सॅम पार निया या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी इस्पितळांत उंच फळ्यांवर, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. २०१४ साली निष्कर्ष आले, त्यात असं चित्र पाहिल्याची एकही नोंद नव्हती. म्हणून माझं मत असं, की ही मनाची एक विलक्षण जागी अवस्था आहे आणि शेजारच्या खोलीतलं दिसतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. तुम्ही माझं ऐकू नका, करून बघा. घरातल्या कुणाला तरी पत्त्यांचा जोड पिसून एक पान, तुम्ही न बघता, कपाटावर उघडं ठेवायला सांगा. अनुभव आला की कपाटावर बघा, वहीत लिहा, मगच उतरवून पडताळा. चुकलेली उत्तरंही वहीत राहू द्या.

कुणाला कधी भास, आवाज ऐकू येणं, टोकाची उन्माद-नैराश्याची चढउतार असा त्रास झालेला असेल, घरात तसा इतिहास असेल किंवा अपस्मार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय यात पडू नये. जागेपणीही आपण आपल्यापासून तुटल्यासारखं, जग पडद्याआडून दिसल्यासारखं वाटायला लागलं, तर साधना त्याच दिवशी थांबवायची.

कोर्सचं म्हणाल तर, एकवीस दिवसांत हमखास बाहेर काढतो असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. ज्या ध्वनिफितींवर हे कोर्स विकले जातात, दोन कानांत किंचित वेगळ्या कंपनसंख्येचे स्वर सोडणाऱ्या, त्या पद्धतीला या क्षेत्रात आणलं ते अमेरिकेतल्या रॉबर्ट मन्रो यांनी. मन्रो रेडिओ व्यवसायातले, १९५८ पासून त्यांना हे अनुभव आपसूक येऊ लागले होते. फिती काहींना सैल व्हायला मदत करतात, काहींची त्यांनी झोप मोडते. शिकवणारा आधी तुमच्या झोपेचे तास आणि औषधं विचारतो का, ते बघा. विचारत नसेल तर उठा. पुढचे दोन महिने फक्त वही आणि पुरेशी झोप एवढंच करा, रात्री अकराचा प्रयोग आजपासून बंद. आणि पुन्हा लिहाल तेव्हा शिफ्टच्या वेळा कळवा, त्यावरून पाच तासांनंतरची जाग कुठे बसवायची ते सांगता येईल.